खूळ, नाद, ध्यास: फाळक्यांचं वेड नेमकं कुणी मोजायचं?

परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) एक प्रसंग आहे. सिनेमाने पछाडलेल्या फाळक्यांना त्यांची जवळचीच माणसं वेड्यांच्या इस्पितळात पोचवायला निघतात. प्रेक्षक हसतात. हसणारच, कारण पुढचं आपल्याला ठाऊक असतं: ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागणार आहे, आणि या माणसाच्या नावाने देशातलं सिनेमाचं सर्वांत मोठं पारितोषिक दिलं जाणार आहे. त्या माणसांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्यासमोर होता चाळिशी ओलांडलेला, बायकामुलं असलेला, छापखान्याचा चालता धंदा सोडून बसलेला गृहस्थ. घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जात होत्या आणि हा रोज चित्रं हलताना बघायला जात होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही टांगा बोलावला असता.

म्हणजे १९११ साली जे खूळ होतं त्याला १९१३ साली ध्यास म्हणू लागले. मधल्या काळात फाळक्यांच्या डोक्यात काय बदललं? माझ्या मते काही नाही. बदललं ते बाहेर. हा मुद्दा मला माझ्या विषयातल्या एका अतिशय प्रसिद्ध सिद्धांताविरुद्ध वापरायचा आहे, म्हणून आधी तो सिद्धांत नीट मांडते.

रॉबर्ट व्हॅलरँड हे कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक शोधनिबंध लिहिला आणि आवडीच्या मानसशास्त्राला तिथून खरं वळण मिळालं. त्यांची व्याख्या सोपी आहे: जी गोष्ट माणसाला मनापासून आवडते, महत्त्वाची वाटते आणि जिच्यात तो वेळ आणि ताकद ओततो, तिची त्याला ‘पॅशन’ आहे. पुढे ते तिचे दोन प्रकार करतात. पहिला ‘हार्मोनिअस’, म्हणजे सुखाने नांदणारी आवड. ती आयुष्यात एका खोलीत राहते, बाकीच्या खोल्या मोकळ्या ठेवते. माणूस तिला बोलावतो आणि निरोपही देऊ शकतो. दुसरा प्रकार ‘ऑब्सेसिव्ह’. इथे आवड माणसाला बोलावते. करायला मिळालं नाही की तगमग, करत असताना बाकीची कामं राहिल्याची टोचणी, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही थांबता न येणं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण विचारलं जातंच. हा ‘ऑब्सेसिव्ह’ म्हणजे ओसीडी नव्हे. ओसीडीतला विचार माणसाला नकोसा असतो, परका वाटतो; तो हाकलायची धडपड चाललेली असते. इथे उलट आहे. ज्याने पछाडलंय तेच हवंय.

फरक कितीचा आणि किती वेळेचा हा नाही, हे या सिद्धांताचं खरं बळ. आठ तास सतार वाजवणारा सुखाने नांदत असू शकतो आणि दोन तास वाजवणारा पछाडलेला. प्रश्न असा, की दोरी कुणाच्या हातात आहे? त्या निबंधातला माझा आवडता भाग सायकलवाल्यांचा आहे. क्विबेक प्रांतात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतो, चाक घसरतं, हाडं मोडतात. सायकल चालवणाऱ्यांकडून आधी प्रश्नावली भरून घेतली आणि हिवाळ्यात पाहिलं की अजून रस्त्यावर कोण आहे. थंडीतही सायकल न सोडणाऱ्यांचे ‘ऑब्सेसिव्ह’ गुण जास्त निघाले. इतकी साधी रचना आणि इतकं बोलकं उत्तर क्वचितच मिळतं.

आता प्रश्नावलीबद्दल. काही विधानं दिलेली असतात आणि प्रत्येकापुढे एक ते सात यातला आकडा लिहायचा असतो. माझ्या बाकीच्या आयुष्याशी हे जुळतं का, यावर माझा ताबा आहे का, याच्याशिवाय मी राहू शकतो का, अशा धर्तीची विधानं. त्यातल्या एकात तर या गोष्टीबद्दल मला जवळजवळ ‘ऑब्सेसिव्ह’ भावना आहे असंच सरळ विचारलंय. हे मला पहिल्या वाचनापासून खटकतं. जे मोजायचं तेच नाव प्रश्नात घालून माणसालाच विचारायचं, आणि त्याने ‘हो’ म्हटलं की सापडलं म्हणायचं! ताप आहे का हे थर्मामीटरने बघण्याऐवजी रोग्याला विचारल्यासारखं झालं.

मराठीत आणताना तर आणखीच पंचाईत. ‘ऑब्सेसिव्ह’ला शब्द कोणता घ्यायचा? छंद, नाद, वेड, खूळ, ध्यास, व्यसन, झपाटलेपण. शब्दांचा तुटवडा मुळीच नाही. अडचण अशी की यातला प्रत्येक शब्द निकाल देऊन मोकळा होतो. ‘ध्यास’ लिहिला की सगळे सातवर खूण करतील, कारण ध्यास असणं भूषणाचं आहे. ‘खूळ’ लिहिला की एकही करणार नाही. ‘नाद’ त्यातल्या त्यात बरा वाटला होता, गाण्याचाही असतो आणि जुगाराचाही. पण आमच्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात, नाद हा शब्द बोलताना मान हलते. नादी लागला म्हणजे गेला.

तर आता ही प्रश्नावली दोन मराठी माणसांना लावून बघू.

पहिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीला १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. आकड्यांचा नाद. कोणताही चार आकडी अंक घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आपण १९१३ घेऊ, फाळक्यांचं साल आहे. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, ९३११, चढत्या क्रमाने मांडा, ११३९, वजा करा. ८१७२ आले. पुन्हा तेच: ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७, ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, ४१७६. मग ७६४१ वजा १४६७, ६१७४. आणि इथे गाडी थांबते, कारण ६१७४चे आकडे पुन्हा तसेच मांडले की पुन्हा ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कुठल्याही अंकापासून निघा, जास्तीत जास्त सात पावलांत तुम्ही याच घरी येता. हे कापरेकरांना १९४९ साली सापडलं. संगणक नव्हता, कागद आणि पेन्सिल होती. असं काही सापडण्याआधी किती कागद वजाबाक्यांनी भरावे लागत असतील याचा विचार करा. वर पदरात काय, तर हे काही गंभीर गणित नाही, आकड्यांचा पोरखेळ आहे, असं गणितातल्या मोठ्या लोकांचं मत. १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा कुठे जगात नाव झालं. तोवर निवृत्त होऊनही तेरा वर्षं झाली होती.

हेच कापरेकर स्वतःला दारुड्याची उपमा देत. दारू पिणाऱ्याला जशी त्या धुंदीतच राहायची इच्छा असते तसं आपलं आकड्यांच्या बाबतीत आहे, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यावरून प्रश्नावली भरायची तर ‘ऑब्सेसिव्ह’च्या रकान्यात सगळीकडे सात. पण बाहेरून बघा: बत्तीस वर्षं नोकरी, दरमहा पगार, शाळा सुटल्यावर आकडे. कच्च्या कागदाची किंमत ती काय!

दुसरे फाळके. १९१७-१८मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी स्वतःच आपली हकीकत लिहिली. १९११च्या ईस्टरला गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले. मग रोज चार-पाच तास सिनेमे, झोप नाही, खाण्याकडे लक्ष नाही. शेवटी डोळे गेले; दिसेनासंच झालं. डॉक्टर प्रभाकर म्हणून होते, त्यांनी तीन-चार चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आणली. परत आल्यावर माणसाने काय करावं? आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२मध्ये बोटीने लंडन गाठलं. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवायची व्यवस्था करून आले. पैसे घालणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं, आणि मिनिटभरात वेल उगवून वाढताना दाखवला. ‘अंकुराची वाढ’. भारतातल्या सिनेमाचा उगम वाटाण्याच्या कुंडीत आहे, ही गोष्ट मला ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षाही आवडते.

पण फाळक्यांच्या लिखाणात तगमग नाही, टोचणी नाही. उत्साह आहे, थोडी बढाई आहे, देशी उद्योगाचा अभिमान आहे. त्यांना प्रश्नावली दिली असती तर हे माझ्या आयुष्याशी, माझ्या कलेशी, माझ्या देशाच्या गरजेशी पूर्ण जुळतं असं म्हणून त्यांनी ‘हार्मोनिअस’च्या रकान्यात सात-सात लिहिले असते, आणि मनापासून. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग. आयुष्यभर जे जे शिकले ते सगळं सिनेमाला उपयोगी पडलं. जुळणी म्हणजे अजून काय असते?

इथे सिद्धांत मला तोकडा पडताना दिसतो. घर सांभाळून असलेला मास्तर कागदावर पछाडलेला ठरतो आणि विमा गहाण टाकणारा, डोळे घालवून बसलेला कारखानदार सुखाने नांदणारा ठरतो. मोजपट्टी खोटी आहे असं मी म्हणत नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे मोजायचे, एकाच माणसात दोन्ही जास्त असू शकतात, हे व्हॅलरँडही मानतात. पण जुळतंय का हे ज्याला विचारायचं तो एकटाच माणूस आहे, आणि ‘माझं आयुष्य’ या शब्दांत तो कुणाकुणाला धरतो हे प्रश्नावली विचारत नाही. सायकलवाल्यांच्या अभ्यासात हे खपून गेलं, कारण बर्फावर पडलं तर हाड सायकलवाल्याचंच मोडणार होतं.

हे मला ग्रंथालयात सुचलं असतं तर बरं दिसलं असतं, पण सुचलं सोनाळ्यात. विदर्भात बैलगाडीच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, आणि पटाचा नाद असलेली माणसं या भागात गावोगाव भेटतात. पटाची जोडी वावरात जुंपत नाहीत. तिचा खुराक वेगळा, मालिश वेगळी, धुरकरी वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रात अटींवर परवानगी दिली आणि २०२३मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. मधली सात वर्षं जोडी गोठ्यात उभी ठेवून खुराक चालू ठेवणारे लोक होते. व्हॅलरँडना दाखवायला हवेत असे. अशाच एका जाणत्या माणसाला मी माझी भाषांतरित विधानं वाचून दाखवत होते. “माझ्या बाकीच्या आयुष्याशी हे जुळतं.” तो म्हणाला, सात. आतून, चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोचा आवाज आला: “त्याईले काय इचारता? मले इचारा ना!”

मी विचारलं नाही. माझ्या संशोधन आराखड्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

त्या दिवसानंतर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पुन्हा पाहिला. पहिल्यांदा मी फाळक्यांकडे बघत होते, या वेळी सरस्वतीबाईंकडे. सिनेमा उत्तम आहे, यात माझा वाद नाही. वेडावर सिनेमा करायचा तर एकतर रडका करतात नाहीतर पोवाडा. मोकाशींनी दोन्ही टाळलं आणि सगळं प्रकरण एखाद्या खोडकर मुलाच्या उद्योगासारखं चालवलं. नंदू माधव यांचे फाळके थोर वाटत नाहीत, कुतूहलाने फसफसलेले वाटतात. ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेल्या चित्रपटांमध्ये इतका हलका चालणारा नायक विरळा. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई हुशार, प्रसन्न, नवऱ्याच्या बाजूच्या. पण याच प्रसन्नतेत मला सिनेमाची लबाडी दिसते. घरातलं सामान एकेक करून जातं आणि तो विनोद होतो. विनोद छान आहे. फक्त तो मोकळ्या झालेल्या जागेत उभं राहून स्वयंपाक कुणी करायचा हे विसरायला लावतो.

खऱ्या सरस्वतीबाईंनी काय काय केलं ते नोंदलेलं आहे. साठ-सत्तर माणसांच्या ताफ्याचं जेवण त्यांनी रांधलं. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, ही कामं शिकल्या, रात्री केली. चित्रीकरणात उन्हाचा उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. दागिने दिले. तारामती व्हायला मात्र नकार दिला, आणि ती भूमिका साळुंके नावाच्या एका पुरुषाने केली. तो नकार मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द वाटतो. इतकं सगळं करणारी बाई एका ठिकाणी ‘नाही’ म्हणाली. म्हणजे बाकीच्या ठिकाणी ‘हो’ म्हणणं आपोआप घडत नव्हतं, तिथेही काही विचार, काही हिशेब होता. तो काय होता हे सिनेमा विचारत नाही. आपण तिला ‘साथ’ म्हणतो आणि पुढे जातो. साथ हा शब्द सुद्धा निकाल लागल्यावरच मिळतो. ‘राजा हरिश्चंद्र’ पडला असता तर त्याच कामाला ‘भोग’ म्हणालो असतो.

सिनेमा जिथे थांबतो ती जागाही सोयीची आहे. यश हाताशी आलेलं. नाशिकला गेल्यावर, भागीदारांबरोबर हिंदुस्थान कंपनी काढल्यावर काय झालं, ते चौकटीबाहेर. भागीदारांशी बिनसलं, फाळके सगळं सोडून काशीला जाऊन राहिले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, मग पुन्हा सिनेमात परतले. व्हॅलरँडच्या दृष्टीने हा भाग सोन्यासारखा आहे: न सुटणारी आवड, जबरदस्तीने सोडलेली, पुन्हा ओढून नेणारी. दरम्यान सिनेमा बोलायला लागला. ‘सेतुबंधन’ मूक काढला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १९४४ साली नाशिकला त्यांचं निधन झालं. शेवटची वर्षं ओढग्रस्तीची होती. या फाळक्यांवर सिनेमा काढला तर प्रेक्षक हसणार नाहीत. आणि नीट बघितलं तर माणूस तोच आहे, नादही तोच आहे.

माझ्या गाइडचा यावर आक्षेप असा की मी दोन गोष्टी मिसळतेय: आवड कशी आहे हा मानसशास्त्राचा प्रश्न, ती कुणाला जड गेली हा नीतीचा किंवा अर्थकारणाचा. वजन आहे आक्षेपात. पण मग व्हॅलरँडनी ‘आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टींशी संघर्ष’ हे व्याख्येतच का घातलं? एकदा घातलं की त्या बाकीच्या गोष्टींत माणसं येतात, आणि माणसांना तोंड असतं. नवरा-बायकोच्या नात्यात अशी आवड भांडणं वाढवते का, हे याच गटाने इंटरनेटच्या नादाबद्दल २००३ सालीच तपासलं होतं. म्हणजे दार त्यांना दिसलेलं आहे. मला फक्त त्यातून आत जाऊन चुलीपाशी बसलेल्या बाईला विचारायचंय.

आणि मराठीत तिची साक्ष आधीपासून लिहून ठेवलेली आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर आमच्या वऱ्हाडातले म्हणावे असे, शिक्षण अमरावतीला; कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आले आणि एका भाषेचा आख्खा ज्ञानकोश एकहाती म्हणावा असा उभारायला बसले. तेवीस खंड. पैसा नाही, सरकार पाठीशी नाही, दारोदार वर्गणीदार गोळा करायचे. १९३७ साली गेले तेव्हा हाताशी काही उरलं नव्हतं. त्यांच्यावर लिहिताना सगळे ‘ध्येयवेडा’ म्हणतात, म्हणजे वेड शब्दाला ध्येयाची टोपी घालून घरात घेतात. त्यांची पत्नी शीलवतीबाई, माहेरच्या ईडिथ कोहन, जर्मन ज्यू. १९२० साली लग्न करून पुण्याच्या संसारात आल्या, मराठी शिकल्या, आणि पुढे मराठीत आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव आहे ‘मीच हे सांगितलं पाहिजे’.

माझ्या प्रश्नावलीच्या नव्या मसुद्यात आता दुसरं पान आहे. विधानं तीच, क्रमही तोच, फक्त ‘माझ्या’च्या जागी ‘यांच्या’ आहे, आणि ते घरातल्या दुसऱ्या माणसाने, वेगळ्या खोलीत बसून भरायचं आहे. दोन पानांतल्या आकड्यांमधली तफावत हेच मला मोजायचं आहे. गाइड म्हणतात नमुना लहान ठेव, दुप्पट मेहनत आहे. दिवाळीनंतर, कपाशीची वेचणी जरा हातावेगळी झाली की सोनाळ्यापासून सुरुवात करेन.